लाल चांदणी

महापे एमआयडीसी, गाळा नंबर सत्तावीस, मसाल्यांचं पॅकिंग.
गेटपाशी खिळ्याला एक रजिस्टर लोंबायचं,
त्याला सुतळीने बांधलेलं पेन,
पेनाला टोपण नाही, पानांवर हळदीचे अंगठे.
कोण किती वाजता आलं, किती पोती उतरली,
कोणाला किती उचल,
सगळं त्यातच. उघडंच म्हणायचं,
पण लीलाधर मढवींचं अक्षर
त्यांच्याखेरीज कोणाला लागायचं नाही.
तेवढी एक कडी होती आमच्या दाराला.

मग मी अ‍ॅप केलं.
मला कोड येत नाही. मी बी.कॉम., डिस्पॅचवाली.
चौकटी ओढायच्या, चौकटी सोडायच्या,
इथे नाव, इथे तारीख, इथे आकडा,
जमलं की डबा नीट भरल्यासारखं वाटतं.
सतरा रात्री बसले कोपरखैरण्याच्या खोलीत,
भावाच्या जुन्या लॅपटॉपवर.
उचलीच्या फॉर्मात एक चौकट मोकळी उरली होती.
तिला नाव दिलं: कारण.
पुढे लाल चांदणी लावली,
म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
का लावली?
शोभत होती म्हणून.

सोमवारी ग्रुपवर लिंक टाकली.
साहेब म्हणाले, वा.
त्या दिवशी कटिंगऐवजी फुल चहा.

गुरुवारी कॅन्टीनमध्ये
वजनकाट्यावरच्या सुजितने मोबाईल बघत बघत
सहज विचारलं,
"मामा, मुलीचं डायलिसिस आठवड्यातनं दोनदा का तीनदा?"
वाईट मनाने नाही. काळजीनेच.
मढवींनी हातातला घास ताटात परत ठेवला.
"तीनदा," म्हणाले.
मग हात धुवायला गेले.
नळ बराच वेळ चालू होता.

त्या रात्री पहिल्यांदा सेटिंग उघडून वाचलं:
'लिंक असलेली कोणीही व्यक्ती'.
कोणीही म्हणजे सुजित, कोणीही म्हणजे हमालांचा कंत्राटदार,
दिवाळीत सोडून गेलेला, ग्रुपवर मात्र अजून असलेला पाटकर,
आणि तो ज्याला पुढे पाठवेल तो.
सोय सोय म्हणत
मी भिंतच काढून ठेवली होती.

मग एकेक नाव घेऊन बसले.
दळणाकडच्या सेल्वीने फक्त पोती लिहावीत.
सुजितला वजन, बाकी अंधार.
सुपरवायझरला आकडे दिसावेत, बदलता येऊ नयेत.
पाटकरपाशी जरा थांबले,
पहिल्या दिवशी त्यानेच मला गाळा फिरून दाखवला होता.
काढलं.
साहेबांचा फोन आला: "मला तरी सगळं दिसू दे."
म्हटलं, रक्कम दिसेल.
"आणि कारण?"
त्यांच्याकडे टीव्ही चालू होता.
म्हटलं, सर, रजिस्टरात कारणाचा रकाना कधी होता?
बातम्या चालू राहिल्या.
मग, "नव्हता."

चौकट पुसायला एक टिचकी लागते.
अ‍ॅप विचारतं, नक्की? परत मिळणार नाही.
चार दिवसांची अकरा कारणं होती आत:
फी, पत्रे, सासऱ्यांचं तेरावं, 'घरगुती', परत 'घरगुती',
एकाने नुसतं टिंब दिलेलं, चांदणीला फसवायला.
हा माणूस कोण ते मी बघितलं नाही.
खरं सांगायचं तर बघितलं, आणि मग पुसलं.

शुक्रवारी मढवी गेटवर उभे.
वाटलं, बोलतील काही.
चष्मा कपाळावर, फोन उन्हासाठी तळव्याआड धरलेला.
"पोरी, माझं मला तरी दिसेल ना?"
दाखवलं. एकच ओळ. नाव, तारीख, पाच हजार.
वर सरकवून बघितलं, खाली सरकवून बघितलं,
कोणाचं काही चुकून राहिलंय का.
फोन खिशात टाकला
आणि खिळ्यावरचं रजिस्टर उघडून
त्यातही लिहिलं,
त्याच त्या न लागणाऱ्या अक्षरात.